घरातले बल्ब बदलताना

तारेचे जुने बल्ब काढून एलईडी बसवायचे ठरले, की दुकानात आपण सवयीने वॅट विचारतो. पाहायचा आकडा मात्र लुमेनचा असतो. बल्ब किती वीज खाईल हे वॅटवरून कळते, उजेड किती पडेल हे लुमेनवरून. ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ८०० लुमेन उजेड देतो आणि तेवढाच उजेड ८ ते १० वॅटच्या एलईडीतून मिळतो. उरलेली वीज कुठे जाते, हे जळत्या जुन्या बल्बजवळ हात नेला की लगेच समजते: त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक वीज नुसत्या उष्णतेत जाते.

सगळे बल्ब एकाच दिवशी बदलण्याची गरज नाही. जो सर्वाधिक वेळ लागतो, त्याच्यापासून सुरुवात करावी. स्वयंपाकघरातला ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळत असेल, तर तीस दिवसांत ९ युनिट वीज लागते. त्या जागी ९ वॅटचा एलईडी असेल, तर १.३५ युनिट. महिन्यातून दोनदा लागणारा माळ्यावरचा दिवा जळून जाईपर्यंत खुशाल राहू द्यावा.

खोक्यावर केल्विनचाही आकडा असतो. २७०० केल्विनचा उजेड पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. झोपण्याच्या खोलीत मला पहिलाच बरा वाटतो. कपाटासमोर आणि आरशापाशी मात्र रंगदर्शकता, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा आकडा, किमान ८० असलेला बल्ब घ्यावा, नाहीतर गडद निळे आणि काळे कापड सारखेच दिसू लागते.

तारेचा बल्ब साधारण १,००० तास चालतो, तर चांगला एलईडी १५,००० तास किंवा त्याहूनही अधिक. पण हे आयुष्य हवेशीर जागेतले. माझ्याकडे न्हाणीघरातल्या बंद काचेच्या गोळ्यात लावलेला एलईडी वर्षभरात गेला. दोष त्यातल्या दिव्यांचा नव्हता. कोंडलेल्या उष्णतेने तळाशी असलेले सर्किट तापून बिघडले होते. अशा जागी बंद शेडसाठी योग्य असल्याचा उल्लेख खोक्यावर असलेलाच बल्ब निवडावा. उजेड कमी-जास्त करणारे बटण असेल, तर ‘डिमेबल’ हा शब्दही शोधावा, कारण साधा एलईडी तिथे लुकलुकतो.

काढलेल्या दिव्यांत सीएफएल असतील, तर ते कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावेत, कारण त्यांत थोडा पारा असतो. एखादा फुटलाच, तर खिडक्या उघडून काही मिनिटे खोलीबाहेर थांबावे आणि नंतर तुकडे केरसुणीने न झाडता जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत.