‘देअर कम्स पापा’ची प्रत करताना

तैलरंगातले व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याने पहिली प्रत एकाच चेहऱ्याची करावी, असे सहसा सांगितले जाते. तो सल्ला न मानता मी राजा रविवर्मा यांचे १८९३ सालचे ‘देअर कम्स पापा’ हे चित्र निवडले. रविवर्मांची मुलगी महाप्रभा आपल्या लहानग्याला घेऊन उभी आहे, शेजारी कुत्रा आहे आणि मायलेकरांचे लक्ष चौकटीबाहेरून येणाऱ्या वडिलांकडे लागले आहे. ज्याच्या येण्यामुळे हा प्रसंग घडतो तो माणूसच चित्रात दिसत नसल्याने सारा भार नजरांच्या दिशेवर पडतो.

रविवर्मांचे निधन १९०६ मध्ये झाले, त्यामुळे प्रत करण्यास स्वामित्वहक्काची अडचण येत नाही. तरीही प्रतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा ठेवावा आणि ती प्रत असल्याचे कॅनव्हासच्या पाठीमागे लिहावे. मी छापील प्रतिमेवरून काम केले. छपाईत रंगांचे थर कळत नाहीत, म्हणून सुरुवात करण्यापूर्वी बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयातली रविवर्मांची मूळ चित्रे जवळून पाहावीत, असे मी आग्रहाने सुचवीन. स्वतः रविवर्मांना त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने रीतसर शिकवले नव्हते. काम करताना पाहण्याची परवानगी तेवढी दिली होती.

चौकटी आखून रेखाटन उतरवल्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगात केवळ छायाप्रकाश मांडावा. त्यानंतरच्या प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे वाढवत न्यावे, कारण हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते, आणि खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट असेल तर वरचा आधी कडक होऊन पुढे तडकतो. पांढऱ्या रंगाने मला बरेच दिवस छळले. आज दुकानात सर्रास मिळणारा टिटॅनियम व्हाइट रविवर्मांच्या हयातीत बाजारात आलेलाच नव्हता. तो इतका जोरकस आहे की त्वचेच्या मिश्रणात जरा अधिक पडला की गाल खडूने सारवल्यासारखे दिसतात. तो चिमूटभरच घेऊन उजेडाची बाजू यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाने चढवली, तेव्हा त्वचेत ऊब आली.

खरी चूक मात्र रंगाची नव्हती. आईचा चेहरा मी आठवडाभर खपून आधी पूर्ण केला, मग बाळाकडे वळलो, आणि दोन्ही चेहरे सुटे सुटे बरे दिसत असूनही ती एकमेकांची माणसे वाटेनात. शेवटी कॅनव्हासवर दोरा ताणून पाहिला: आई एकीकडे पाहत होती आणि बाळ भलतीकडेच. बाळाचे डोके खरवडून पुन्हा रंगवावे लागले. या वेळी दोन्ही चेहरे एकाच बैठकीत, ओल्या रंगात, थोडे थोडे पुढे नेले आणि बाळाचे अंग आईला टेकते तिथली कडा कोरड्या ब्रशने विरघळवून टाकली. त्या एका कडेने जे साधले ते आठवडाभर रंगवलेल्या पापण्यांनी साधले नव्हते. कुत्रा मात्र अजून माझ्याकडेच पाहतो; त्याला मी तसाच ठेवला आहे.