रुमॅटॉलॉजीच्या ओपीडीत नवीन आहात? एएनए (पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) लिहायच्या आधी हे बघा

मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू झाली आणि रुमॅटॉलॉजीची, म्हणजे सांधे आणि कनेक्टिव्ह टिश्यूच्या आजारांची ओपीडी वाट्याला आली की सगळ्या ज्युनियर्सचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम एवढ्या अँटिबॉडीज पाठ कशा करायच्या? मी डीएम (एमडीनंतरचं सुपरस्पेशालिटीचं शिक्षण) करून आता काही वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. अँटिबॉडीजचा तक्ता नंतर पाठ झाला तरी चालेल. आधी पेशंटला काय विचारायचं, हात कसे बघायचे आणि लघवीची तपासणी का चुकवायची नाही एवढं शिका. ह्या आजारांचं बरंचसं निदान रिपोर्ट हातात यायच्या आधीच झालेलं असतं, रिपोर्ट फक्त त्याला दुजोरा देतो किंवा शंका काढतो.

थोडा पाया सांगते, कारण यूजीला (एमबीबीएसला) हा भाग घाईघाईत उरकला जातो. कनेक्टिव्ह टिश्यू म्हणजे शरीराला धरून ठेवणारं सगळं, त्वचेखालचं, सांध्यातलं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं, फुप्फुसाच्या जाळीतलं. म्हणून ह्या आजारात एकाच बाईला सांधे दुखतात, तोंड येतं, केस गळतात, धाप लागते आणि पायावर सूज येते, आणि ती पाच वेगवेगळ्या डॉक्टरांकडे पाच तक्रारी घेऊन फिरते. ल्युपस (म्हणजे एसएलई), स्क्लेरोडर्मा, शोग्रेन, डर्मॅटोमायोसायटिस आणि ह्यांची सरमिसळ असलेला एमसीटीडी ही मुख्य मंडळी. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए) शेजारीच बसलेला असतो आणि ओपीडीत सगळ्यात जास्त तोच दिसतो. ह्या सगळ्यात प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते, आणि ल्युपसमध्ये तर नऊ बायकांमागे एक पुरुष असं प्रमाण आहे, त्यातही वय साधारण १५ ते ४५. म्हणजे शिकायच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या, कमावण्याच्या वयात. ह्या बायकांना "टेन्शन घेऊ नका, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या" असं सांगून परत पाठवलेलं असतं, कधी महिनोन्‌महिने कधी वर्षानुवर्षं, आणि ह्याचा मला खरंच राग येतो.

तर प्रश्न कसे विचारायचे. "मॉर्निंग स्टिफनेस आहे का" असं विचारून काही हाती लागत नाही. "मावशी, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? मूठ कधी वळते, चहा झाल्यावर की दुपारच्या जेवणापर्यंत?" असं विचारा. अर्धा-एक तास किंवा जास्त आखडत असेल आणि कामाला लागल्यावर मोकळं होत असेल तर सूज आतून आहे. उलट दिवसभर काम करून संध्याकाळी गुडघे दुखतात, बसलं की बरं वाटतं, तर ती बहुतेक झीज. स्नायूंची ताकद विचारायची तर ओपीडीतल्या खुर्चीवरून उठवून बघू नका नुसतं, खुर्चीवरून सगळे उठतात. देशी संडासात उकिडवं बसून उठता येतं का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, वेणी घालताना हात भरून येतात का, हे विचारा. डर्मॅटोमायोसायटिसची बाई इथेच सापडते, आणि मग बोटांच्या पेरांवर लालसर-जांभळट उंचवटे दिसले, पापण्यांवर जांभळट छटा दिसली की सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) पाठवायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं. एक लक्षात ठेवा, सीपीके नॉर्मल आलं म्हणून हा आजार बाद होत नाही. त्वचा पूर्ण बोलते आणि स्नायू गप्प असतात असेही पेशंट असतात, आणि त्यातल्या एमडीए-५ अँटिबॉडीवाल्यांची फुप्फुसं फार झपाट्याने बिघडू शकतात, त्यामुळे धाप विचाराच.

कोरडेपणा कोणी आपणहून सांगत नाही. "कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरते का? रात्री पाणी प्यायला उठावं लागतं का? डोळ्यात खडे गेल्यासारखं टोचतं का?" शोग्रेनसाठी एवढं पुरतं, मग शर्मर टेस्ट करायची, कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं थांबायचं, पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर डोळे खरंच कोरडे. आणि इमर्जन्सीत ड्युटी करणाऱ्यांनी हे नक्की डोक्यात ठेवा, रात्री धडधाकट झोपलेली बाई सकाळी हातपाय लुळे म्हणून आली आणि पोटॅशियम खूप खाली निघालं तर नुसतं पोटॅशियम देऊन घरी पाठवू नका. तिचे दात बघा, किडलेले आहेत का, डोळे-तोंड कोरडं पडतं का विचारा, एबीजी (रक्तातल्या वायूंची आणि आम्लतेची तपासणी) करा. शोग्रेनमुळे किडनीच्या नलिकांचा बिघाड होऊन असा लकवा येतो आणि आपल्याकडे अशा बायका दर वेळी सलाईन लावून परत जातात, मूळ आजार तसाच राहतो.

आता हात. हातांना वेळ द्या, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगा आणि मग काही न बोलता नीट बघा. मुळाचे आणि मधले सांधे सुजलेत, टोकाचे मोकळे आहेत, तर ऱ्हुमॅटॉइडकडे झुका. बोटांच्या मुळाशी सगळी बोटं एकत्र धरून हळूच दाबा, आरए असेल तर पेशंट हात मागे ओढते. (हळूच म्हणजे हळूच, तिचा हात सुजलाय.) त्वचा चिमटीत येते का बघा. स्क्लेरोडर्मात बोटांची त्वचा घट्ट आणि तुळतुळीत होते, बोटांच्या टोकाला छोटे खड्डे पडतात, तोंड आवळतं, तिला म्हणावं तुमचीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. दोन्ही हातांची त्वचा मुळाच्या सांध्यांच्या वरपर्यंत जाड झाली असेल तर २०१३ च्या निकषांनुसार तेवढ्यावरच स्क्लेरोडर्मा धरता येतो, एकही रक्ततपासणी न करता. नखाच्या मुळाशी थेंबभर तेल लावून डर्मॅटोस्कोपने किंवा साध्या ऑफ्थॅल्मोस्कोपने केशवाहिन्या बघा, सुजलेले मोठे फुगे, मध्येच मोकळ्या जागा, असं दिसलं तर थंडीने बोटं पांढरी पडणं साधं नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर ते पांढरं-निळं-लाल पुस्तकातल्यासारखं उठून दिसत नाही, म्हणून मी पेशंटला सांगते की थंड पाण्यात भांडी घासताना असं झालं की लगेच मोबाइलवर फोटो काढा आणि पुढच्या वेळी दाखवा. हा फोटो शंभर प्रश्नांचं काम करतो. तसंच ल्युपसचा गालावरचा चट्टा, तो आपल्याकडे लालपेक्षा काळपट-जांभळट दिसतो आणि घरचे त्याला वांग समजतात. नाकाच्या बाजूने ओठाकडे जाणारी घडी सुटलेली आहे का बघा, उन्हात गेल्यावर वाढतो का विचारा, आणि मेडिकलमधून आणलेलं गोरं करणारं क्रीम लावते का हेही विचारा कारण त्यातल्या स्टिरॉइडनेही गाल लाल होतात. टॉर्च मारून टाळू बघायला विसरू नका, ल्युपसचा व्रण बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे तिला स्वतःलाच माहीत नसतो.

स्क्लेरोडर्माच्या पेशंटचं बीपी दर भेटीत स्वतः मोजा. अचानक वाढलं आणि क्रिएटिनिन चढायला लागलं तर ती रीनल क्रायसिस (किडनी झपाट्याने बिघडणं) असू शकते, तिथे एसीई इनहिबिटर हे बीपीचं औषध जीव वाचवतं, आणि प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम किंवा वर दिल्याने हाच धोका वाढतो, त्यामुळे "सूज आहे, स्टिरॉइड देऊ" हा हात इथे आवरा.

एएनएबद्दल. ही तपासणी हेप-२ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी) इम्युनोफ्लुरोसन्सने केलेली हवी, आणि रिपोर्टमध्ये टायटर (रक्त किती पटीने पातळ केलं तरी पॉझिटिव्ह येतं तो आकडा) आणि पॅटर्न दोन्ही हवेत. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलेल्या कागदावर काही ठरवू नका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ठणठणीत माणसांमध्ये १:४० ला जवळपास ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. म्हणजे पाठदुखीच्या, थकव्याच्या, केसगळतीच्या प्रत्येक बाईला एएनए लिहून दिलं तर आपण कितीतरी निरोगी बायकांना आयुष्यभराची धास्ती देणार, त्या घरी जाऊन मोबाइलवर ल्युपस शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत. उलट बाजूने, ल्युपसच्या २०१९ च्या निकषांमध्ये कधीतरी एकदा १:८० किंवा जास्त एएनए असणं ही प्रवेशाची अट आहे, त्यानंतर लक्षणं आणि तपासण्यांचे १० गुण जमवायचे, त्यामुळे व्यवस्थित केलेलं एएनए निगेटिव्ह असेल तर ल्युपस बराच लांब जातो. निकष मुळात संशोधनासाठी आहेत, ८ गुण झाले म्हणून समोरची बाई आजारी नाही असं होत नाही, हेही समजून घ्या. आरए फॅक्टरचंही तेच, तो टीबीत, कुष्ठरोगात, हिपॅटायटिस सी मध्ये, हृदयाच्या झडपेच्या इन्फेक्शनमध्येही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही आरएची दुसरी अँटिबॉडी, ती त्यापेक्षा बरीच खात्रीची.

आणि लघवी. माझ्या मते ह्या ओपीडीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याहून आलेली विशीतली मुलगी मला कायम आठवते, ताप, वजन उतरलेलं, छातीत पाणी झालेलं म्हणून गावाकडे टीबीची औषधं सुरू केली होती, थुंकीत काही सापडलं नव्हतं आणि औषधं घेऊनही ताप हटेना. फाइल ही जाडजूड, दोन सीटी स्कॅन, कितीतरी रक्ताचे रिपोर्ट, पण लघवीचा एकही नाही. आई सारखी म्हणत होती, "मॅडम, हिची वेणी बघा ना, मनगटाएवढी होती, आता बोटाएवढी राहिली." मी मुलीला विचारलं, लघवीला फेस येतो का गं? तर म्हणाली येतो, पण मला वाटलं संडास धुवायच्या औषधाने येत असेल. तिथेच पट्टी बुडवली, प्रोटीन तीन प्लस. पांढऱ्या पेशी कमी, सी-३ सी-४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) खाली, डीएसडीएनए ही ल्युपसची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, बायोप्सीत क्लास फोर ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे किडनीत पोचलेला ल्युपस. आता ती कॉलेज पूर्ण करून नोकरी करते, गोळ्या चालू आहेत, क्रिएटिनिन नॉर्मल आहे. पण किडनी दुखत नाही, ती शेवटपर्यंत शांत राहते, म्हणून ल्युपसची शंका जरी आली तरी लघवीची रूटीन आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, दर भेटीत. हा रेशो ०.५ च्या वर राहत असेल तर बायोप्सीचं बोला.

टीबी आणि ल्युपस आपल्याकडे एकमेकांचे सोंग घेतात, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे एक बाद केला म्हणजे दुसरा सिद्ध झाला असं नाही. एक छोटी मदत अशी की ल्युपस उसळलेला असताना ईएसआर वाढतो पण सीआरपी (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) बरेचदा फारसं वाढत नाही, सीआरपी खूप वर असेल तर इन्फेक्शन शोधा (छातीत पाणी किंवा सांधे सुजलेले असतील तर मात्र हा नियम ढिला पडतो). पावसाळ्यानंतर दोन्ही हातांचे सांधे सुजून आलेल्या पेशंटला आधी चिकनगुनिया होऊन गेला का विचारा. आणि हातापायाला बधिरपणा असेल तर कोपराजवळची नस चाचपा, कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनमध्ये सांधे सुजतात, गाठी येतात आणि एएनएही पॉझिटिव्ह येऊ शकतं.

औषधांचं सगळं इथे मावणार नाही, पण एक गोष्ट हात जोडून सांगते. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) आठवड्यातून एकदाच. चिठ्ठीवर मराठीत वार लिहा, "फक्त रविवारी" असं, पेशंटकडून आणि सोबतच्या माणसाकडून वदवून घ्या, फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी लिहा. रोज घेतल्याने तोंड सोलून, पांढऱ्या पेशी शून्याकडे जाऊन माणसं दगावतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वजनाच्या किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत, सुरुवातीला डोळ्यांची तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी. आणि अँटी-रो (शोग्रेन आणि ल्युपसमध्ये सापडणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह बाईला दिवस राहणार असतील तर आधीच गायनॅकशी बोला, बाळाच्या हृदयाचा ब्लॉक थोड्याच बाळांना होतो पण तो गर्भातच होतो.

ज्यांना ह्याच शाखेत यायचंय त्यांच्यासाठी रस्ता असा, एमडी मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्स, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी, आणि एम्स, पीजीआय, जिपमरसाठी आयएनआय-एसएस वेगळी. सर्जरी नाही, कॅथलॅब नाही, पैसा हळूहळू येतो, हे खरं आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी ह्या विषयाचा डॉक्टर आजही सहज सापडत नाही आणि पेशंट रात्रभर एसटीने प्रवास करून पुण्या-मुंबईला येतात. वाचायला काय घ्यावं असं विचाराल तर डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ मध्ये पुण्याजवळच्या भिगवणला सुरू केलेल्या कॉपकॉर्ड सर्वेक्षणाचे पेपर जरूर वाचा, घरोघर जाऊन सांधेदुखी मोजलेली आहे, आपल्या गावातल्या माणसांचं दुखणं नेमकं काय असतं ते कळतं.

शेवटचं, बरेच पेशंट पहिल्या भेटीत कुठल्याच नावात बसत नाहीत. बोटं पांढरी पडतात, थोडे सांधे दुखतात, एएनए १:३२०, बाकी काही नाही. त्यांना घाईने ल्युपस म्हणू नका आणि "काही नाही" म्हणून हाकलूही नका. आत्ता नाव देता येत नाही पण लक्ष ठेवणार आहोत असं सरळ सांगा, त्यांना ते पटतं. चिठ्ठीवर तीन महिन्यांनंतरची तारीख घाला, सोबत बीपी, सीबीसी, क्रिएटिनिन, लघवी असं लिहा, आणि खाली मराठीत लिहून द्या की पायावर सूज, लघवीला फेस, धाप किंवा न उतरणारा ताप आला तर तारखेची वाट न बघता यायचं.