मुसलमान शेतकरी कुटुंबात वारस नोंद आणि जमिनीची वाटणी कशी करावी

कोकणात खाडीकाठच्या मुसलमान गावांत सातबारा काढला की पुष्कळदा आजोबांचं, कधी पणजोबांचं नाव निघतं. खलाटीतली, म्हणजे सखल जमिनीतली, भातखाचरं एक भाऊ कसतो, कलमांची बाग दुसरा बघतो, तिसरा कुवेतला असतो आणि बहिणी लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या असतात. घरात भांडण नाही, म्हणून कोणी तलाठ्याकडे जात नाही. पुढे रस्त्यासाठी भूसंपादन निघतं किंवा पीक कर्ज हवं असतं, आणि तीन मयतांची नोंद एकदम करायची वेळ येते. त्या घाईत सगळ्यात आधी आईचा आणि बहिणींचा वाटा बुडतो. तो बुडू नये अशा बेताने काम कसं करायचं, ते इथे दिलं आहे.

सुरुवात वंशावळीने करा, अर्जाने नाही. मोठ्या कागदावर मूळ खातेदारापासून आजपर्यंतची सगळी माणसं लिहा: बायका, मुली, लहानपणी वारलेली मुलं, सगळी. प्रत्येक मयताच्या नावाखाली मृत्यूची तारीख लिहा, कारण मुसलमानी वारसा कायद्यात सगळं त्या तारखेवर ठरतं. जन्माने हक्क मिळत नाही. बाप जिवंत असेपर्यंत जमीन त्याची एकट्याची, मग ती त्याला त्याच्या बापाकडून आलेली का असेना. तो डोळे मिटतो त्या क्षणी जे जिवंत असतात तेच वारस. म्हणून प्रत्येक मृत्यूचा हिशोब स्वतंत्र करायचा आणि तोही क्रमाने, आधी वारलेल्याचा आधी.

वाटे काढण्याआधी काय वजा होतं ते पाहा. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत (मृत्युपत्र) असेल तर उरलेल्याच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. कर्जात विकास सोसायटीचा बोजा येतो, तसा बायकोचा न दिलेला मेहेरही, म्हणजे निकाहात तिला देऊ केलेली रक्कमही, येतो. मेहेर हे नवऱ्याचं देणं आहे. तो वारसा वाट्यात मोजू नका. त्यातून तिचा आठवा हिस्सा कमी होत नाही.

आता वाटे. मयताला मुलं असतील तर बायकोला १/८, नसतील तर १/४. बायका दोन असतील तर तेवढाच हिस्सा दोघींत. बायको वारली आणि तिची जमीन असेल तर नवऱ्याला मुलं असताना १/४, नसताना १/२. मयताला मुलं असतील तर त्याच्या आईला १/६, मुलगा असेल तर वडिलांनाही १/६. उरलेलं मुलामुलींत, मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात. हे सुन्नींचे वाटे आहेत. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, देशावरचे बहुतेक हनफी (हे सुन्नींचे दोन पंथ), पण वर लिहिलेल्या वाट्यांत दोघांचं एकमत आहे. शिया, खोजा, बोहरा कुटुंबांनी आपल्या जाणकाराकडून वेगळा हिशोब करून घ्यावा.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. जमीन २ हेक्टर ४० आर, म्हणजे २४० आर. खातेदार वारला. मागे बायको, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील आधीच वारलेले. बायकोला १/८ म्हणजे ३० आर. आईला १/६ म्हणजे ४० आर. उरले १७० आर. त्याचे पाच भाग केले की मुलीला ३४ आणि प्रत्येक मुलाला ६८. बेरीज २४०. अपूर्णांकात लिहायचं तर बायको १५/१२०, आई २०/१२०, प्रत्येक मुलगा ३४/१२०, मुलगी १७/१२०. बेरीज १२०/१२० आली तरच हिशोब पुढे न्या.

तीच आई मुलाच्या आधी वारलेली असती, तर तिचा वाटाच नसता. बायकोला ३० आर, उरलेल्या २१० मधून मुलांना ८४-८४ आणि मुलीला ४२. आणि आई मुलानंतर वारली असेल, तर तिचे ४० आर आपोआप नातवंडांचे होत नाहीत. ते तिच्या स्वतःच्या वारसांना जातात. तिचा एक मुलगा आणि दोन मुली हयात असतील, तर चाचाला २० आर, दोन्ही फुफींना १०-१० आर, आणि नातवंडांना त्यातलं काहीच नाही. गावोगावच्या नोंदींत हीच सर्वांत मोठी चूक आढळते. आजी आता हयात नाही म्हणून तिला वगळून बापावरून थेट मुलांची नावं लावली जातात. पंधरा वर्षांनी फुफीची मुलं कागद घेऊन उभी राहतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

मुलगा नसेल तिथेही घोळ होतो. एकच मुलगी असेल तर तिला निम्मं, दोन किंवा जास्त असतील तर सगळ्यांना मिळून २/३. समजा बायको, दोन मुली आणि एक सख्खा भाऊ. २४० आरपैकी बायकोला ३०, मुलींना मिळून १६०, उरलेले ५० भावाला. भावाला यादीतून गाळू नका, आणि भाऊ निम्म्यावर हक्क सांगत असेल तर तेही मान्य करू नका. कधीकधी बेरीज एकाच्या वर जाते. बायको, दोन मुली, आई आणि वडील असतील तर ती २७/२४ होते. तेव्हा छेद २७ धरायचा. याला औल म्हणतात. यात सगळ्यांचा वाटा त्याच प्रमाणात थोडा कमी होतो, कोणा एकाचाच कापायचा नसतो.

बापाच्या आधी वारलेल्या मुलाची मुलं हा सर्वांत दुखरा भाग. दुसरा मुलगा हयात असेल तर या नातवंडांना वारसाने काही मिळत नाही. त्यावर उपाय आजोबांच्या हातात असतो, तोही ते हयात असतानाच. नातवंडं वारस नसल्यामुळे त्यांच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते आणि त्याला इतर वारसांची संमती लागत नाही. वसियत तोंडीही चालते, पण महसूल कार्यालयात तोंडी वसियत उभी करणं फार जड जातं. दोन साक्षीदारांसह लेखी करा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. वारसाच्याच नावे वसियत केली, तर बाकी वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय ती चालत नाही.

आता कार्यालयातलं काम. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ, सर्व वारसांची नावं, वय, पत्ते, मयताशी नातं, आधारच्या प्रती, ताजा सातबारा आणि ८-अ (खात्याचा उतारा) एवढं लागतं. दाखलाच नसेल तर आधी ते काम करा. जुन्या मृत्यूच्या नोंदीसाठी मॅजिस्ट्रेट दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. जमातीच्या, म्हणजे गावच्या मुसलमान समाजाच्या, दफन नोंदवहीचा उतारा तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण तो दाखल्याची जागा घेत नाही.

अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यायचा, किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून करायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ नुसार ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण उशिराने पुरावे हरवतात. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये आणि फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, नमुना ६ मध्ये होतो. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. परगावी असलेल्या बहिणींना ते पान कसं पाहायचं हे जरूर दाखवा.

अर्जात नुसती नावं देऊ नका, प्रत्येकापुढे अपूर्णांक लिहा आणि तो फेरफारात उतरवण्याची मागणी करा. सामाईक खात्यावर हिस्सा लिहिलेला नसला की पुढे मोबदला वाटताना सगळे समान धरले जातात, आणि मग आईच्या १/६ साठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. ‘हिंदू वारसा कायद्याने सगळ्यांना सारखं’ असं कोणी सुचवलं तर नम्रपणे सांगा की १९५६ चा तो कायदा मुसलमानांना लागू नाही. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे हे खरं. उत्तर प्रदेशात जमिनीच्या वारसांचा वेगळा क्रम त्यामुळेच चालतो. महाराष्ट्राच्या संहितेत तसा वेगळा क्रम नाही, इथे वाटे व्यक्तिगत कायद्यानेच धरतात.

नोंद झाली की सातबारा हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. पहिली, बायको-मुलींची नावं कब्जेदार सदरात आहेत की ‘इतर हक्क’ सदरात. जुन्या नोंदींत बायकांना सर्रास इतर हक्कात टाकलेलं असतं, त्यामुळे त्या मालक असूनही कागदावर मालक दिसत नाहीत. दुसरी, थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लागलंय का. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर ही कल्पना मुसलमानी कायद्यात नाही, ती नोंद कमी करून सगळ्या वारसांची नावं लावण्यासाठी अर्ज करा. तिसरी, नावाचं स्पेलिंग. एकच माणूस एका गटात ‘अब्दुल रहमान हसन’, दुसऱ्यात ‘अब्दुलरेहमान हसनमियां’ आणि तिसऱ्यात आडनावासह असतो. संगणकीकरणात झालेली लेखनातली चूक कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते. पण कोणाचं नावच गाळलं असेल तर ती लेखनचूक नव्हे. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करावं लागतं. बहिणीचं नाव राहिलं असेल तर हे ६० दिवस घालवू नका.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. ती झाल्यावरच वाटपाकडे वळा. सगळ्यांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होतं. मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी करून घ्या, नाहीतर कागदावरची हद्द आणि बांध जुळत नाहीत. कोकणात एवढं क्षेत्र पाहून भागत नाही. दहा आर खलाटी आणि दहा आर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) सारखी नव्हे. कलमं, माड, विहिरीचं पाणी आणि बागेत जायची वाट या चारही गोष्टी वाटपपत्रात शब्दांत लिहा. विहीर एकाच्या हिश्शात गेली तर बाकीच्यांचा पाण्याचा हक्क इतर हक्कात नोंदवून घ्या.

तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरच्या बंदीमुळे, वारस नोंद अडत नाही, पण वाटप अडू शकतं. बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा आहे. ज्याचा वाटा त्याहून लहान होतो त्याला पूर्ण गट देऊन दुसऱ्या गटात भरपाई करणं, किंवा सामाईकच ठेवणं, हे मार्ग आहेत. सातबाऱ्यावर कूळकायदा कलम ४३ चा शेरा असेल तर वारस लागतात, पण वाटप किंवा विक्रीआधी तहसील कार्यालयात त्या अटीची चौकशी करा.

बहीण स्वखुशीने वाटा सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, आणि तेही बाप वारल्यानंतर, तिचं नाव लागल्यावर. बाप हयात असताना तिच्याकडून लिहून घेतलेल्या ‘मला काही नको’ला सहसा अर्थ नसतो, कारण तेव्हा तिचा हक्क जन्मालाच आलेला नसतो. वाट्याची किंमत तिला आधी सांगा आणि मोबदला दिला असेल तर दस्तात आकडा लिहा. लग्नात खर्च केला हे कारण धरून वाटा कापता येत नाही.

हयातीत द्यायचं असेल तर हिबा, म्हणजे बक्षीस. देणाऱ्याने देऊ केलं, घेणाऱ्याने स्वीकारलं आणि ताबा दिला, या तीन गोष्टी पुऱ्या झाल्या पाहिजेत. ताबा न देता नुसता कागद केला की तो हिबा टिकत नाही. हनफींमध्ये न वाटलेल्या, पण वाटण्याजोग्या जमिनीतला हिस्सा हिब्याने देण्यात अडचण येते, म्हणून आधी वाटप करून घ्या. शाफईंमध्ये ही अडचण नाही. कायद्याने मुसलमानी हिब्याला नोंदणी सक्तीची नाही, तरी फेरफार सुरळीत व्हावा म्हणून नोंदणीकृत दस्त केलेला बरा.

आखातात असलेल्या भावाला वारस नोंदीसाठी यावं लागत नाही. हक्कसोड किंवा वाटपासाठी मात्र भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागतं, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही आणि हिब्यानेही घेता येत नाही.

घर सातबाऱ्यावर नसतं. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आणि मिळकत पत्रिका झाली असेल तर तिलाही वारस लावावे लागतात. वाटे तेच. मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानाची जमीन मात्र घरच्या यादीत घेऊ नका, मग सातबाऱ्यावर आजोबांचं नाव वहिवाटदार म्हणून का असेना. ती वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची दिलेली, आहे. तिथे मुतवल्ली (व्यवस्था पाहणारा) बदलतो, वारस लागत नाहीत.