गाडीला ऑनिंग कोणत्या बाजूला लावावी?

टपावरच्या कॅरियरला ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडून पायांवर उभं करायचं सावलीचं कापड, बसवायला गेलं की फिटर आधी विचारतो, "डावीकडं की उजवीकडं?" नट-बोल्ट आवळल्यावर बाजू बदलणं कटकटीचं, तेव्हा हे घरीच ठरवून जा. दुसरं कारण नसेल तर डावी बाजू घ्या, असं माझं मत.

मुख्य कारण रस्ता. आपण डावीकडून चालतो आणि थांबतोही डाव्याच कडेला. आमच्या बेळगावकडं जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना गाडी कडेला घेतली की डावी बाजू झाडीकडे, उजवी ट्रकांकडे. उजवीकडं ऑनिंग उघडली तर चटई, स्टोव्ह आणि पोरं सगळं वाहतुकीत.

मग दारं बघा. टेम्पो ट्रॅव्हलरचं प्रवाशांचं दार डावीकडंच, तिथं विचार करायचं कारणच नाही. ईकोला सरकती दारं दोन्ही बाजूंना आहेत, तिथंही डावीच बरी. घोळ होतो तो बोलेरो, जिम्नीसारख्या मागचं दार आडवं उघडणाऱ्या गाड्यांत, आणि तोही बाजूपासून मागेपर्यंत वळणारी २७० अंशांची ऑनिंग घ्यायची असेल तर. दाराचे कब्जे ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूची ऑनिंग घ्या. नाहीतर उघडं दार सामान आणि सावली यांच्या मधोमध उभं राहतं. अशी ऑनिंग डावी-उजवी वेगळी मिळते. परदेशी वर्णनातल्या 'ड्रायव्हर साइड'वर जाऊ नका, अमेरिकेत ती डावी असते! आत बसून समोर बघताना येणारा डावा-उजवा हात, हाच हिशेब विक्रेत्याला सांगा.

उन्हावरून मात्र बाजू ठरवू नका. ऊन फिरतं आणि गाडीही वळवता येते. ऑनिंग डावीकडं असेल तर दुपारनंतर गाडीचं तोंड दक्षिणेला करा. डावी बाजू पूर्वेला येते, मावळतीचं ऊन गाडी अंगावर घेते आणि सावली लांब पडते. सकाळी उलट, तोंड उत्तरेला. पावसाळ्यात इकडं वारा पश्चिमेचा, तेव्हाही दक्षिणेकडं तोंड केलेल्या गाडीचाच आडोसा होतो. मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात भर दुपारी सूर्य जवळपास थेट डोक्यावर असतो. त्या वेळी कुठल्याही बाजूला सावली ऑनिंगच्या कापडाएवढीच.

पैसे घालण्याआधी एकदा ताडपत्रीवर करून बघा की. कॅरियरला दोरीनं बांधा, बाहेरच्या टोकांना दोन बांबू लावा आणि सगळी दारं, डिकी उघडून स्वयंपाक मांडा. सौंदत्तीला यल्लमाच्या डोंगरावर गाड्या खेटून लागतात. तिथं डाव्या बाजूला ऑनिंगच्या रुंदीएवढी जागा सोडून लावता येते का, तेही पाहून घ्या.

बसवताना कॅरियर किती वजन पेलतो ते आधी तपासा. साधी अडीच मीटरची ऑनिंग दहा-बारा किलोची, २७० अंशांची वीसच्याही पुढे. गुंडाळलेल्या ऑनिंगची पिशवी आरशाबाहेर येऊ देऊ नका आणि दार पूर्ण उघडून ती कुठं घासते का बघा. पहिल्या खडबडीत रस्त्यानंतर बोल्ट पुन्हा आवळा.

पाऊस असेल तर बाहेरचा एक पाय खाली घ्या, म्हणजे पाणी साचून कापड ओघळत नाही. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो. आभाळ काळं झालं की दोऱ्या ताणत बसू नका, गुंडाळा.