शेजारच्या रोपाला अळीची खबर लागते का? करून बघा

गवत कापल्यावर जो हिरवट वास सुटतो, तो जखमी पानांतून काही क्षणांत बाहेर पडणाऱ्या हेक्झेनालसारख्या रसायनांचा. अळीने कुरतडलेल्या पानातूनही असेच वास निघतात, आणि ते पोचले की शेजारचं रोप सावध होऊ शकतं. मी विज्ञान शिकवते. हा प्रयोग मुलांकडून करून घेताना एकच हट्ट धरते: तुलनेसाठी निरोगी जोडी ठेवायचीच. ती नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही.

एकाच दिवशी पेरलेली टोमॅटोची रोपं घ्या, चार-पाच पानं फुटलेली. प्रत्येक रोपाला वेगळी कुंडी द्या. एका कुंडीत दोन रोपं असली तर मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या धाग्यांतूनही निरोप जाऊ शकतो. घेवड्याच्या कुळातल्या बाकला या पिकावर मावा पडल्याची खबर अशा धाग्यांतून शेजाऱ्याला मिळते, असं 2013 मध्ये दिसलं होतं. आपल्याला फक्त हवेतला निरोप तपासायचाय.

आता जोड्या लावा. अर्ध्या जोड्यांत एका रोपाच्या फांदीवर मलमलीची पिशवी बांधून आत दोन अळ्या सोडा. उरलेल्या जोड्यांत पिशवी तशीच बांधा, पण रिकामी. मलमलीतून वास जातो, अळी मात्र शेजारी जाऊ शकत नाही. प्रत्येक जोडीवर पारदर्शक प्लास्टिकचं मोठं झाकण ठेवा, कारण मोकळ्या हवेत वास लगेच विरतो. रिचर्ड कार्बन या शास्त्रज्ञांना सेजब्रश या झुडपात असा परिणाम साधारण 60 सेंटिमीटरच्या आतच आढळला. पानाला पान लागू देऊ नका, आणि उन्हात तर मुळीच ठेवू नका, झाकणाखाली रोपं उकडून निघतील.

कात्रीने पानं कापली तर चालेल का, असं मुलं हमखास विचारतात. हिरवा वास तेवढ्यानेही सुटतो, पण अळीच्या लाळेचा परिणाम वेगळाच. मक्यावरच्या एका अळीच्या लाळेत व्हॉलिसिटिन नावाचा पदार्थ 1997 मध्ये सापडला. तो जखमेला लागला की मका वेगळ्याच वासांचं मिश्रण सोडतो. म्हणून अळीच घ्या.

दोन दिवसांनी अळ्या काढा आणि खरी परीक्षा शेजाऱ्याची घ्या. त्याचं पान खुडू मात्र नका. वास पोचलेलं रोप बऱ्याचदा लगेच काही करत नाही, नुसतं तयारीत राहतं आणि पहिला चावा बसला की झपाट्याने प्रतिकार करतं. खुडणं हीदेखील जखमच, त्यामुळे सगळा हिशोब बिघडतो. शेंड्याकडून तिसरं पान निवडा, खाली आलेख कागद धरून पेन्सिलीने कड गिरवा, मग त्या पानावर मलमलीत एक उपाशी अळी बांधा. सगळ्या अळ्या सारख्याच आकाराच्या हव्यात. कात टाकायला आलेली अळी खात नाही, ती आळसावलेली दिसली की बदला. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा त्याच आराखड्यावर ठेवा. काठावर अर्धगोल चावे आणि काळपट लेंड्या दिसतील. खाल्लेले चौकोन मोजा. मोजणाऱ्याला कोणतं रोप कोणत्या गटातलं, हे माहीत नसावं. हवा तो आकडा डोळ्यांना दिसायला वेळ लागत नाही!

प्रत्येक गटात निदान सहा जोड्या ठेवा. 1983 मध्ये झाडं एकमेकांना सावध करतात असे दावे झाले, तेव्हा पुराव्यावरूनच मोठी टीका झाली होती. 1990 मध्ये फार्मर आणि रायन या शास्त्रज्ञांनी बंद भांड्यात सेजब्रशजवळ टोमॅटो ठेवून दाखवलं, की सेजब्रशमधून सुटणाऱ्या मिथाइल जास्मोनेट या रसायनाच्या वासाने टोमॅटोच्या पानांत अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं साठतात.

जखमी झाड शेजाऱ्याला मदत करतं, असं मी मुलांना सांगत नाही. तोच वास त्याच्या स्वतःच्या दूरच्या फांद्यांनाही जागं करतो, शेजारी बहुधा चोरून ऐकतो. दोन्ही गटांत फरक दिसलाच नाही, तर आधी झाकणाची फट बघा, मग जोडीतलं अंतर कमी करा.