हंगेरीत येताय? आधी आईचं माहेरचं नाव नीट लिहून आणा

नवऱ्याला इथल्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं म्हणून मी सांगलीहून हंगेरीतल्या सेगेडला आले, त्याला आता तेरा वर्षं झाली. दर सप्टेंबरात पुण्या-नाशिकहून नवी मुलं येतात. कुणी मेडिकलला, कुणी लेझरच्या संशोधन केंद्रात. पहिल्या वर्षी मी जिथे अडखळले, नेमकी तिथेच तीही अडखळतात. म्हणून हे लिहितेय. कोट कुठला घ्यायचा, कुकर आणायचा का, हे मला विचारू नका. थंडीचे कपडे इथेच चांगले मिळतात आणि कुकर आणायचाच.

सगळ्यात आधी आईचं नाव. इथे प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो, 'ऑन्या नेवे', म्हणजे आईचं नाव. बँक असो, दवाखाना असो, नाहीतर ग्रंथालयाचं कार्ड. एकाच नावाची दोन माणसं वेगळी ओळखायची ती जन्मतारीख आणि आईच्या नावावरून, अशी इथली पद्धत आहे. आणि त्यांना हवं असतं ते आईचं जन्माच्या वेळचं नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण बऱ्याच घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहितात. माझ्या आईचंही असंच झालं. माहेरचं नाव एक, सासरचं वेगळं, आणि माझ्या जन्मदाखल्यावर सासरचं.

मी पहिल्या अर्जात फॉर्म म्हणतो तसं माहेरचं नाव लिहिलं. पुढे आरोग्य विम्याच्या अर्जात दाखल्यावरचं लिहिलं. झालं, त्यांच्या नोंदीत मी दोन बायका झाले. हे निस्तरायला आठ महिने गेले. त्यातच माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं आणि विमा लागू नसल्यामुळे सगळा खर्च आमच्या खिशातून गेला. तिकडे वडील सांगलीच्या कोर्टात शपथपत्रासाठी, मग मंत्रालयात साक्षांकनासाठी, मग अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, हेलपाटे घालत होते, तेही सत्तरीच्या घरात. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं.

म्हणून निघण्याआधी 'माहेरचं हे आणि सासरचं हे, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं शपथपत्र करून, अपोस्टिल लावून घेऊन या. पहिल्या अर्जात जे नाव, जी स्पेलिंग लिहाल, तिचा फोटो काढून ठेवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी अक्षरन्‌अक्षर तेच लिहा. इथे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. वडिलांचं नाव मधे घालायची आपली सवय आहे, तेव्हा ते नेमकं कुठल्या रकान्यात जातंय तेही पासपोर्टशी ताडून पाहा. हे मी प्रत्येकाला सांगते, तरी दर वर्षी एकजण तरी याच खड्ड्यात पडतो.

आता भाषा, म्हणजे हंगेरियन. आपली माणसं इथे आली की पहिलं वाक्य ऐकू येतं, 'जगातली सगळ्यात अवघड भाषा आहे, शिकून उपयोग नाही.' हे बोलणाऱ्यांनी ती बहुतेक वेळा इंग्रजीतून शिकून पाहिलेली असते. इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून शिका. घर म्हणजे 'हाझ', घरात म्हणजे 'हाझबॉन', घरातून म्हणजे 'हाझबोल'. प्रत्यय शब्दाला मागून चिकटतो, आपल्या विभक्तीसारखाच. नवीन एवढंच, की प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतो. म्हणून घराला 'बॉन' आणि बागेला, म्हणजे 'केर्ट'ला, 'बेन' लागतो: 'केर्टबेन'. आठवडाभर मोठ्याने म्हणा, कानाला आपोआप कळायला लागतं.

ज्या नियमापाशी युरोपातली मुलं रडकुंडीला येतात तोही सांगते. 'मी वाचते'ला दोन रूपं आहेत. काहीतरी वाचत असले तर 'ओल्वॉशोक' आणि ठरावीक ते पुस्तक वाचत असले तर 'ओल्वॉशोम'. क्रियापद कर्माकडे बघून बदलतं. आपण 'भात खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं' म्हणतोच की! क्रियापदाने कर्माचं ऐकायचं ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. शिवाय तीन लिंगांचं ओझं इथे नाहीच. तो, ती, दोघांनाही 'ओ'सारखा एकच शब्द.

उच्चारांत तर आपण सगळ्यांच्या पुढे आहोत. त्यांचं 'सी' हे अक्षर म्हणजे चमच्यातला च आणि 'सीएस' म्हणजे चहातला च. हा फरक इंग्रजाला महिनोन्‌महिने जमत नाही, आपण तो आईच्या दुधाबरोबर घेतलेला असतो. उलटं आहे ते एवढंच, की नुसतं 'एस' लिहिलं की श वाचायचा आणि 'एसझेड' लिहिलं की स. म्हणून त्यांच्या तोंडी राजधानी 'बुडॉपेश्ट' होते, आणि मी, सुनीता, पहिलं वर्षभर सगळीकडे 'शुनीता' होते.

शब्द मात्र पाठ करावे लागतात, त्याला इलाज नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला फेरेन्त्स कॉझिन्त्सी आणि त्याच्या बरोबरच्यांनी भाषेच्या नूतनीकरणाची मोठी चळवळ केली आणि हजारो नवे शब्द घडवले. परकं नाव जसंच्या तसं उचलण्यापेक्षा घरचे शब्द जोडायची ही सवय भाषेत खोल आहे. म्हणून पाटीवर ओळखीचं काही सापडत नाही. पण शब्द फोडून बघा. रेस्टॉरंट म्हणजे 'एत्तेरेम': अन्नाचं दालन, सरळ भोजनगृह. थिएटर म्हणजे 'सीनहाझ'. 'सीन' म्हणजे रंगही आणि रंगमंचही, 'हाझ' म्हणजे घर. आपलं रंगमंदिर! हजाराला 'एझेर' म्हणतात आणि तो शब्द इराणी भाषांकडून आलेला, आपल्या 'हजार'सारखाच. घरात घालायच्या सपातांना 'पॉपुच' म्हणतात. तुर्कांमार्फत इथे पोचलेला हा फारसी शब्द आपल्याकडे 'पायपोस' झाला. पहिल्यांदा एका घरी दारात बूट काढल्यावर यजमानीणबाईंनी पायांपुढे पॉपुच ठेवले, तेव्हा मला त्या शब्दाने जो धीर दिला तो कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने दिला नव्हता.

शिकायचं कुठे? सुट्टीत जमलं तर डेब्रेत्सेनच्या उन्हाळी विद्यापीठात जा. १९२७ पासून ते परदेशी लोकांना हंगेरियन शिकवतात. पण खरं शिक्षण बाजारात. आठ-आठ वर्षं इथे राहून 'धन्यवाद' आणि 'एक कॉफी' यांपुढे न गेलेली आपली माणसं मी पाहिली आहेत. ऑफिसात इंग्रजी, घरी हिंदी मालिका, शनिवारी आपल्याच लोकांत जेवण. आणि तक्रार कायम, 'हे लोक फार घुमे, हसतसुद्धा नाहीत.' मला ते पटत नाही. ते अनोळखी माणसाला उगाच हसून दाखवत नाहीत, पण त्यांच्या भाषेत मोडकं वाक्य बोललात तर हातातलं काम टाकून तुम्हाला मदत करतात.

बोलताना आदर सांभाळा. तू-तुम्हीचा भेद इथेही आहे. वयाने मोठ्या माणसाने किंवा बाईने 'तू म्हण' असं सांगेपर्यंत 'तू'वर जायचं नाही. म्हाताऱ्या शेजारणीला नावानंतर 'नेनी' आणि आजोबांना 'बाची' लावायचं, आपल्या काकू-काकांसारखं. लिफ्टमध्ये, दुकानात, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकड्यावर, शिरताना आणि निघताना नमस्कार म्हणायचाच. आपली मुलं कानात हेडफोन घालून गप्प शिरतात. ते इथे उद्धटपणाचं दिसतं.

इतिहास थोडा तरी वाचून या, कारण इथे तो रोजच्या बोलण्यात असतो. काही बिनसलं की म्हणतात, 'याहून जास्त मोहाचला गेलं.' २९ ऑगस्ट १५२६ रोजी मोहाचच्या मैदानावर ऑटोमन सैन्याने त्यांचा पराभव केला, वीस वर्षांचा राजा लायोश पळताना ओढ्यात बुडून मेला आणि पुढे देशाचे तीन तुकडे झाले. मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आपण 'पानिपत झालं' म्हणतो तेच हे. ट्रियानॉनबद्दल मात्र जपून. ४ जून १९२० च्या त्या तहात सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला आणि लाखो हंगेरियन एका रात्रीत सीमेपलीकडचे झाले. गाड्यांवर जुन्या मोठ्या हंगेरीचा नकाशा दिसेल. त्यावर मत देऊ नका, ऐकून घ्या. १९५६ विषयी विचारलंत तर वडीलधारी माणसं बोलतात. २३ ऑक्टोबरला बुडापेश्टमध्ये उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शिरले, हे पुस्तकात मिळेल. पण त्याआधी आठवडाभर, १६ ऑक्टोबरला, सेगेडच्या विद्यार्थ्यांनी सरकारी छत्राबाहेर आपली संघटना उभी केली होती, हे इथले लोक अभिमानाने सांगतात.

सेगेडविषयी एक मला सांगायचंच आहे. १२ मार्च १८७९ च्या रात्री तिसा नदीने हे गाव जवळजवळ पुसून टाकलं. जगभरातून मदत आली आणि गाव नव्याने बांधलं, तेव्हा रिंगरोडच्या भागांना मदत करणाऱ्या शहरांची नावं दिली: व्हिएन्ना, मॉस्को, लंडन, पॅरिस, बर्लिन, ब्रुसेल्स, रोम. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं, तेव्हा मी रोज त्या लंडन रस्त्यावरून चालत होते. शेजारच्यांना पूर म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. ते स्वतःहून विचारत होते, पाणी किती पायऱ्या चढलं.

चालीरीतींत चुका होतात त्या फुलांच्या. कुणाकडे जाताना फुलं नेतात, ती विषम संख्येत. आणि शेवंती न्यायची नाही! आपल्याकडे देवाच्या हारातली शेवंती इथे १ नोव्हेंबरला कबरीवर ठेवतात. त्या दिवसांत बाजार पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीने भरून जातो, आपल्याला दिवाळीची आठवण येते आणि हात आपोआप पुढे होतो. बिअरचे ग्लास एकमेकांवर आपटू नका. ६ ऑक्टोबर १८४९ ला ऑस्ट्रियाने तेरा हंगेरियन सेनानींना ऑरॉड इथे मृत्युदंड दिला. तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी ग्लास वाजवले, म्हणून दीडशे वर्षं वाजवायचे नाहीत असं ठरलं, अशी कथा आहे. मुदत १९९९ ला संपली, तरी पुष्कळजण अजून पाळतात.

शाकाहारींसाठी दोन गोष्टी. 'फ्योझेलेक' ही दाटसर भाजी सगळीकडे मिळते, पण 'वर काही नको' असं सांगा, नाहीतर सॉसेज येतं. भाजीत, बेकरीच्या पदार्थांत डुकराची चरबी असू शकते, तिचं नाव 'झीर', ते विचारून घ्या. आणि जिरं हवं असेल तर 'रोमॉई क्योमेन्य' मागा. नुसतं 'क्योमेन्य' म्हणालात तर शहाजिऱ्यासारखं दुसरंच काही मिळतं आणि फोडणी बिघडते.

पहिल्या आठवड्यात एक भिंतीवरचं कॅलेंडर विकत घ्या. प्रत्येक तारखेखाली नावं छापलेली असतात. त्या नावाच्या माणसाचा तो नामदिवस. शेजाऱ्यांचे दिवस खूण करून ठेवा आणि त्या दिवशी दारावर जाऊन शुभेच्छा द्या. माझं नाव अर्थातच त्यात नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या नेनींना ते दोन वर्षं खटकत होतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांचं कॅलेंडर दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या दिवसाखाली, छापील नावाच्या शेजारी, पेन्सिलने माझं नाव लिहिलेलं होतं. 'एसझेड'ने.