डिनेरियस घ्यायचं तर आधी कड बघा

आमच्या घरात तीन पिढ्या देवाचे टाक घडवण्यात गेल्या. रविवार पेठेतल्या दुकानात आजही ठशावर चांदीचा पत्रा ठेवून खंडोबा आणि भवानी उठवले जातात. त्यामुळे रोमन चांदीच्या नाण्यांचा नाद लागला तेव्हा मला त्यांचा धातू आधी कळला आणि इतिहास मागाहून. बारा वर्षांत एकतीस डिनेरियस जमली. नव्याने सुरू करणारे विचारतात, पहिलं कुणाचं घेऊ, परदेशातल्या ऑनलाइन लिलावात बोली कधी लावू? मी म्हणते, आधी कड बघायला शिका.

डिनेरियस हे रोमचं व्यवहारातलं चांदीचं नाणं. इ.स.पूर्व २११च्या सुमारास ते सुरू झालं आणि साडेचारशे वर्षं चाललं. आपला ‘दिनार’ शब्द त्याच्यापासूनच आला. भडोचच्या बंदरात ही नाणी बदलून घेण्यात नफा होता, असं ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी प्रवासग्रंथात लिहिलेलं आहे, आणि त्याच भडोचला आपल्या पैठण आणि तेरहून माल जात होता. सुरुवातीला वजन साडेचार ग्रॅम होतं, ते लवकरच चारच्या आत आलं. इ.स. ६४मध्ये नीरोने ते ३.४ ग्रॅमच्या आसपास आणलं आणि चांदीत खोटही वाढवली. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात तर चांदी जेमतेम निम्मी उरली होती. हे आकडे पाठ करा. कोणत्या सम्राटाचं नाणं किती ग्रॅम भरायला हवं हे माहीत असलं की निम्मा धोका तिथेच टळतो.

पहिलं नाणं सेव्हेरस किंवा त्याच्या घरातल्यांचं घ्या. ती भरपूर मिळतात, स्वस्त असतात आणि अक्षरं वाचता येतात. माझं पहिलं नाणं ज्युलिया डोम्नाचं, म्हणजे सेव्हेरसच्या राणीचं, वजन ३.२१ ग्रॅम. छाप्यावर उजवीकडे पाहणारा तिचा चेहरा, लाटांसारखे विंचरलेले केस आणि मागे अंबाडा. काट्यावर डोक्यावरून पदर घेतलेली पिएतास देवी वेदीपुढे दोन्ही हात वर करून उभी आहे. पण ते भिंगाखाली धरलं की मी चेहरा सोडून कडेकडेच जाते. घड्याळात चार वाजतात त्या जागी एक बारीक चीर आहे. ती बाहेरून आत येते आणि मध्येच विरते. हातोडा बसला, चकती पसरली, काठाला ताण आला आणि तिथे ती फाटली. आमच्या टाकाचा पत्राही काठाला असाच फाटतो. अक्षरांच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला केसासारख्या रेघा गेल्या आहेत. ठशाखाली धातू जसा सरकला तशा त्या उमटल्या.

ओतीव नाण्यात हे सगळं गुळगुळीत होतं. अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि काठावर साच्याचा जोड घासून काढल्याची पट्टी दिसते. याहून मोठा पुरावा म्हणजे जुळं नाणं. ठसा तोच असला तरी चकती दर वेळी वेगळी असते, म्हणून खऱ्या दोन नाण्यांची चीर कधीच एका जागी, एका आकाराची येत नाही. दोन फोटोंत चेहऱ्याबरोबर चीरही जुळली तर किमान एक नाणं खोटं आहे, बहुधा दोन्ही. बोलीआधी मी जुन्या लिलावांचे फोटो काढून ही चीर शोधत बसते. दोन-दोन तास जातात. ते मला जास्त वाटत नाहीत.

एवढा आग्रह का धरते ते सांगते. माझी चौथी खरेदी टायबेरियसच्या नाण्याची होती. बायबलमधल्या कराच्या नाण्याशी ते जोडलं जातं, म्हणून त्याला भाव जास्त. वर्णनात चांदी लिहिली होती, फोटो फक्त दोन बाजूंचे होते, वजन दिलेलं नव्हतं आणि मी ते विचारलंही नाही. नाणं आलं, तराजूवर ठेवलं तर २.७ ग्रॅम! हनुवटीखाली कवच उडालं होतं आणि आतून तांबं दिसत होतं. रोमन काळातच कुणीतरी तांब्यावर चांदीचं पान चढवून ते बनवलं होतं. लिलावघराने चूक मान्य केली आणि म्हणाले, नाणं परत पाठवा, पैसे देतो. तेव्हा मी चौकशी केली. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो आणि तो खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ते नाणं रोमन काळातलंच होतं, त्यामुळे ते इथेच राहिलं आणि पैसेही तिकडेच राहिले. युरोपातला ग्राहक नाणं हातात घेऊन पसंत नसेल तर परत करतो. आपल्याला ती सोय नाही. आपली सगळी पारख बोलीच्या आधी व्हायला हवी.

म्हणून लिलावघराला आधीच ईमेल करा. वजन दशांशात मागा, कडेचा फोटो मागा, नाण्याला कधी कडी जोडलेली होती का ते विचारा. पुतळीच्या माळेत ओवलेल्या मोहरांसारखी रोमन नाणीही दागिन्यांत गेलेली असतात, आणि झाळ काढल्याची खूण राहिली की किंमत पडते. उत्तर आलं नाही तर ते नाणं सोडून द्या.

डोळा तयार करायला खरी चांदी हातात घ्यावी लागते. पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे क्षत्रपांची चांदीची नाणी मागून बघा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला आहे. खाली नहपानाचा चेहरा आणि वर सातकर्णीची चिन्हं, असं एक नाणं नीट पाहिलंत की घावाखाली धातू कसा वागतो ते कळेल. जुन्या बाजारात मात्र ‘शेतात सापडलं’ म्हणून कुणी रोमन नाणं पुढे केलं तर घेऊ नका. तिथे मला एकही खरं दिसलेलं नाही. आणि खरंच जमिनीतून निघालेलं असेल तर १८७८च्या कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

आता पैसे. पडद्यावर दिसते ती हातोड्याची किंमत. समजा नाणं ६० युरोला सुटलं. त्यावर लिलावघराचं वीस टक्के कमिशन धरलं तर १२ झाले, टपाल आणि विमा २५ धरला, एकूण ९७. युरो शंभर रुपयांना धरला तर ९,७०० रुपये. शिवाय बँकेची वटणावळ आणि इथलं सीमाशुल्क. शुल्काचा दर त्या वेळी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाला विचारून घ्या. काही ठिकाणी थेट बोलीसाठी वेगळे टक्के लागतात, तेही अटींमध्ये वाचा. मी उलटा हिशोब करते. घरात येईपर्यंत मला किती परवडतं ते आधी ठरवते, त्यातून एकेक खर्च वजा करत बोलीच्या आकड्यापर्यंत येते आणि तो आकडा कागदावर लिहून तराजूखाली ठेवते. त्याच सम्राटाची, त्याच काट्याची नाणी गेल्या दोन-तीन वर्षांत कितीला गेली तेही त्या कागदावर असतं. नाणं ओळखायला अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओसीआरई’ ही सूची वापरा, ती फुकट आहे.

कमाल आकडा आधी भरून ठेवला की यंत्रणा समोरच्यापेक्षा एक पायरी वर, एवढीच बोली लावते. दोघांचा आकडा सारखा निघाला तर ज्याने आधी भरला त्याला नाणं जातं, म्हणून मी आदल्या रात्रीच भरते. वेळेवर संपणाऱ्या लिलावात शेवटच्या क्षणी बोली आली तर घड्याळ बहुतेक ठिकाणी पुढे सरकतं, तेव्हा सेकंद मोजत बसण्यात अर्थ नाही. जर्मनीत सकाळी दहाला सुरू झालेला लिलाव आपल्याकडे उन्हाळ्यात दीडला आणि हिवाळ्यात अडीचला येतो. दुकान एक ते चार बंद असतं, त्यामुळे मला तो निवांत बघता येतो.

गेल्या वर्षी भाचा शेजारी बसला होता. ट्रेजनच्या एका सुंदर नाण्यावर माझा १४० युरोचा आकडा ओलांडला गेला.

“आत्या, दहाच वाढव, समोरचा थांबेल.”

“तराजूखालचा कागद वाच.”

त्याने वाचला आणि गप्प बसला. नाणं १९० ला गेलं.

नाणं घरी आलं की त्याच दिवशी वजन करा, कडेसकट फोटो काढा आणि पावती, लिलावाची तारीख, लॉट नंबर एका पाकिटात ठेवा. दिवाळीला घरातली चांदी उजळतात तसं या नाण्याला घासू नका. काळसर थर गेला की निम्मी किंमत गेली. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट लेप धरतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पाकिटांना रबरबँड लावू नका. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. मी पाकिटं सुती दोऱ्याने बांधते.